वडील कशाने गेले?

दफनभूमीच्या कचेरीतल्या कारकुनाने जाडजूड वही फिरवून तिच्यासमोर सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिला एकदम वाचायचा धीर होईना. तिने आधी चष्मा पुसला.

उद्या सकाळी तिच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं. ऐंशी वर्षांचं शरीर. डॉक्टरांनी काल आईला विचारलं होतं, तुमचे वडील कशाने गेले? आईने छताकडे बघत सांगितलं होतं, ज्या बाईकडे राहायला गेले तिला विचारा. डॉक्टर हसले नाहीत. जवळचं कुणी कमी वयात हृदयाने गेलं असेल तर भूल देताना जास्त जपावं लागतं, उद्यापर्यंत कळलं तर बरं, एवढंच म्हणाले.

घरात या विषयाला हात लावायची सोय नव्हती. आजोबा सुतार होते. ते आधी एकटेच या देशात आले, खोली पाहिली, बायकोला आणि मुलीला बोलावून घेतलं. त्या दोघी बोटीतून उतरल्या तर धक्क्यावर न्यायला कुणी नाही. त्यांनी दुसरा घरोबा केला, असं आजीने आईला सांगितलं. आई तेव्हा सहा वर्षांची होती. तिने बापाचं नाव टाकलं ते टाकलंच.

म्हणून आज सकाळी दार उघडायच्या आधीच ती जनगणनेच्या दफ्तरखान्याबाहेर जाऊन उभी राहिली होती. तिथे निघालं भलतंच. बोटीनंतर दोन वर्षांनी आजीच्या खोलीत तीन माणसं लिहिलेली होती. पती, सुतार, कामानिमित्त बाहेर. पत्नी. मुलगी. म्हणजे आजोबा घरीच होते? मग गेले कधी? मृत्यूची नोंद दफनभूमीच्या वहीत मिळेल म्हणून तिथल्या बाईंनी तिला इकडे पाठवलं.

आता चष्मा लावून तिने ओळ वाचली. नाव तेच, गाव तेच. सुतार. वय चौतीस. काम करताना हृदय बंद पडून मृत्यू. तारीख, बोट धक्क्याला लागली त्याच्या आदल्या आठवड्याची.

तिने कारकुनाला सांगितलं, काहीतरी चूक आहे, हे दोन वर्षांनंतरच्या जनगणनेत जिवंत आहेत. कारकून म्हणाला, तिथे घरातली बाई सांगेल ते लिहून घ्यायचे. त्या वेळी कमावता पुरुष नसेल तर बाईला आल्या बोटीने परत धाडत. मग नवरा कामाला बाहेर गेलाय म्हणायचं, आणि दिवस काढायचे.

ओळीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं : पत्नीने येऊन जागा पाहिली. खाली अंगठा.

बाहेर येऊन तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कळवलंत ते फार बरं झालं म्हणाले. आणि ठेवता ठेवता म्हणाले, आज मात्र आईच्या मनाला त्रास होईल असं काही बोलू नका.

बसमध्ये ती तेच ते मनात घोळवत राहिली. सांगावं तर काळजाचं दुखणं. न सांगावं आणि उद्या आई उठलीच नाही तर? मग तो राग उराशी घेऊनच ती जाणार. तिने ठरवलं, गप्प बसायचं.

रुग्णालयात ती खाटेजवळ पोचली तशी आईने तिच्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "तोंड का पडलंय? बोल आता."

मग तिने सांगून टाकलं, खालच्या आवाजात, आईचा हात हातात धरून. आई मध्ये एकदाच बोलली.

"आईला माहीत होतं?"

"तिचा अंगठा आहे वहीत."

उशाशी लावलेल्या यंत्रावरचा आकडा चढू लागला. नर्सला बोलवायला मुलगी उठली तर आईने मनगट धरून तिला खाली बसवलं. कुणी विचारलं तर बाबा कामावर गेलेत म्हणायचं, असं आजी तिच्याकडून रोज घोकून घ्यायची, आई म्हणाली. तिला वाटायचं, लोकलाजेपायी.

"मेले म्हणून सांगितलं असतं तर मी रडले असते," आई म्हणाली. "रडणारं पोर लोकांच्या डोळ्यांवर येतं. रागावलेलं खपून जातं."

मुलगी म्हणाली, पुढे मोठेपणी तरी आजीने सांगायचं. आईने मान हलवली. तोवर तो राग घरातलाच झाला होता, म्हणाली. काढायचा म्हटला तर कुठून काढणार?

आकडा हळूहळू उतरला. आई डोळे मिटून पडली होती. झोप लागली असं वाटून मुलगी उशी सारखी करायला वाकली, तेवढ्यात तिने विचारलं, "वय किती म्हणालीस?"

"चौतीस."

आईने डोळे उघडले.

"तुझ्या पोरापेक्षा लहान गं," ती म्हणाली. "एवढ्याशा पोराला मी जन्मभर शिव्या घातल्या."