बर्फ टिकेपर्यंत

चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर मी थर्माकोलचा डबा छातीशी धरून उभी होते. आत बर्फात ठेवलेलं इंजेक्शन होतं. धाकटी बहीण जयमाला देऊळगावराजाच्या दवाखान्यात होती, आणि हे औषध हैदराबादशिवाय कुठं मिळालं नव्हतं. समोरच जालना रोडवर एसटी मिळते, पण ती गावोगाव थांबत जाते. विमानात बसण्याआधी आमचे वडील, आबा, फोनवर म्हणाले होते, "उतरल्यावर बसगिसची वाट नको पाहू, बाई. मिळंल ती गाडी कर. पाणी प्याले बी थांबू नको." टॅक्सीवाला भला निघाला. त्यानं घासाघीस केली नाही. डबा त्यानं पुढच्या सीटवर, एसीच्या झोतासमोर ठेवला. "जालन्यापर्यंत रस्ता मोकळा आहे, ताई. बर्फ टिकतो बघा." मी दार ओढणार तेवढ्यात आबांचा फोन आला. "उतरली काय, माय?" "हाव आबा, गाडी केली. निघतेच." ते म्हणाले, "गाडी काऊन करतं आता? बसनं ये सावकाश, सरळ घरीच. अन् तिथंच दोन घास खाऊन घे अगोदर." आमच्याकडे येणाऱ्याला कुणी खाऊन ये म्हणत नाही. ज्या घरात मयत झालेली असते, चूल पेटत नाही, तिथलेच म्हणतात. मी खाली उतरले आणि पुढच्या सीटवरचा डबा उचलला. त्याचा तळ अजून गार होता. "बसनं जाते, दादा." "अहो ताई, बसमध्ये बर्फ वितळेल." "वितळू द्या."