मागचं बाक

“आता पूर्वीसारखे एकमेकांचे हात हातात घेऊन शांती द्या,” फादर म्हणाले, आणि कोणी हलायच्या आत सावळाराम मागं वळला. दामिनीची जागा रिकामी होती. त्या बाकावर त्याची चुलत वहिनी भिमी तेवढी बसली होती. तिनं हात पुढं केला. त्यानं तो धरला, पण नजर रिकाम्या जागेवरून हलेना.

दामिनी त्याची एकुलती एक पोर. आठ वर्षांपूर्वी तिनं किन्हवलीच्या सुनिलशी कचेरीत सही करून लग्न केलं, वेदीसमोर उभी राहिली नाही. सावळाराम म्हणजे मोडेन पण वाकणार नाही. त्यानं बोलणं तोडलं. तिचं नाव आपल्यासमोर काढायचं नाही असं बजावलं, आणि वाडीनं ते पाळलं. त्याच्या तोंडाला कोण लागणार?

पण दामिनी दर रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला यायची. चर्चमध्ये लग्न झालं नव्हतं म्हणून तिला ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे. सगळे रांगेनं पुढं जात, ती बाकावरच बसून राही. शांती मात्र कुणालाही देता येते, कुणाकडूनही घेता येते. म्हणून ती बापाच्या बरोबर मागं बसायची. शांतीच्या वेळी शेजाऱ्याला हात द्यावाच लागतो, तिथं रुसवे चालत नाहीत. सावळाराम आठ्या घालून वळायचा. ती म्हणायची, “शांती असो.” तो म्हणायचा, “असो.” आठवड्याचं बोलणं संपलं. पण तेवढ्यात त्याला तिचा हात कळायचा. लावणीच्या दिवसांत बोटं पाण्यानं पांढरी पडलेली असायची. एकदा मनगट इतकं बारीक लागलं की त्या दुपारी त्याला जेवण गेलं नाही. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

मग साथ आली. चर्चला कुलूप लागलं, मिस्सा मोबाईलवर आली. कुलूप उघडलं तेव्हा फादरनी नवा नियम सांगितला: हात धरायचे नाहीत, जागच्या जागी जोडायचे. सावळारामला ती पडत्या फळाची आज्ञाच झाली. त्यानं वेदीकडे तोंड ठेवूनच हात जोडले. मागून “शांती असो” ऐकू आलं. वळावंसं फार वाटलं. पण गरज नसताना वळलो, तर म्हातारा विरघळला असं लोक म्हणतील, या विचारानं मान ताठ राहिली. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मागून आवाज आला नाही.

मोबाईलवर बघत असेल, त्यानं मनाची समजूत घातली. बरेच जण तसंच करत होते. घरबसल्या मिस्सा मिळते तर वाट कोण तुडवणार? निम्मी बाकं ओस पडली. या मेल्या नियमानंच बापलेकीला तोडलं, असं तो वर्षभर मनाशी म्हणत राहिला, आणि म्हणता म्हणता त्याला ते खरंच वाटू लागलं. पुढच्या रविवारपासून नियम उठणार, असं फादरनी सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. आज तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून तासभर आधी येऊन बसला होता.

मिस्सा संपल्यावर त्यानं भिमीला दारात गाठलं.

“वहिनी, माझी दामिनी मोबाईलवरच बघते का गो?”

आठ वर्षांत त्यानं पहिल्यांदाच लेकीचं नाव घेतलं होतं. भिमीनं पदर तोंडाला लावला.

“ती वापीला गेली, भावजी. सव्वा वरीस झालं. सुनिलला तिकडं काम लागलं.”

“मला कुणी सांगितलं नाय?”

“तुमीच नाव काढू नका म्हणालात.”

सावळारामनं दाराची चौकट धरली. “हात धरायची बंदी होती गो. मी काय करणार होतो?”

“हात धरायची होती. वळून बघायची नव्हती,” भिमी म्हणाली. “जायच्या आधी तीन रविवार ती माझ्या बाजूला बसली. दर वेळी म्हणायची, ‘काकी, आज बाबा वळला ना, तर मी जायची नाय.’”