भरलेला खडक

समुद्रतळात खणलेल्या विहिरीतून काढलेला बेसॉल्ट खडकाचा तुकडा टेबलावर आला आणि भिंगातून पाहताच वैजयंती तांडेलने कपाळाला हात लावला. वायू बांधून ठेवणाऱ्या हिरव्या ऑलिव्हिन खनिजाची केव्हाच चिकणमाती झाली होती आणि भेगाभेगांत चुन्याचं पांढरं कॅल्साइट साचलं होतं. वीजघराचा कर्बवायू मुरवायला या खडकात जागाच उरली नव्हती.

"पुन्हा तपासा," खोदकामाच्या जहाजाचे प्रमुख सामंत म्हणाले.

"तीनदा तपासलंय, सर! माझ्या तपासण्याने खडक बदलणार आहे का?"

"मग 'ताजा' लिहा. ही विहीर तुमच्याच गावाच्या वीजघराची आहे. ती बंद झाली की वीजघरही बंद."

वीजघर बंद म्हणजे भावाचा बर्फाचा कारखानाही बंद. चरफडत तिने त्याला फोन लावला.

"दादा, विहीर भरली."

"मग दुसरी शोधा की!"

"सहा महिने तेच करतेय रे! एक खडक धड मिळत नाही. आणि सर म्हणतात, 'ताजा' लिहा."



"खरं तेच लिही," तो म्हणाला. "शेजारच्या बंदरात अशाच भरलेल्या विहिरीतून वायू वर आला, तेव्हा मेलेली मासळी मीच उपसली होती."

वैजयंतीने अहवालावर 'भरलेला' असं लिहिलं आणि सही इतकी दाबून केली की कागद फाटला.