दोन पॉइंट इकडंतिकडं

छबूबाईंनी सुनेच्या कपड्यांची पिशवी बरोबरच आणली होती. दुधात पाणी निघालं, की डेअरीच्या दारातूनच कौसल्येची माहेरी रवानगी. तसं ठरवूनच त्या शेळगावहून निघाल्या होत्या.

झालं होतं काय, छबूबाईंचा सगळा जन्म म्हशीच्या दुधावर गेलेला. आता गोठ्यात जर्शी गाय आली, धार काढायचं काम नव्या सुनेकडं गेलं, आणि चरवीतलं दूध पातळ दिसायला लागलं. गाय बिचारी मुकी. मग दोष कुणाचा? सुनेचाच की! कौसल्येनं शपथा घेतल्या, रडून पाहिलं. सासू ढिम्म.

बारामतीच्या त्या डेअरीत तपासणीला मेहजबीन नावाची पोरगी होती, नुकतीच बीएस्सी झालेली. तिनं दुधात लॅक्टोमीटर सोडला, थर्मामीटर बुडवला, फॅट काढली आणि आकडेमोड करून सांगितलं, घट्टपणा आठ पॉइंट चार. गाईच्या दुधाला हवा निदान साडेआठ. छबूबाईंनी पिशवी कौसल्येच्या पुढ्यात सरकवली.

मेहजबीननं त्यांना थांबवलं. म्हणाली, लॅक्टोमीटर वाचताना डोळा अर्धी रेघ चुकतो, थर्मामीटर थोडा चुकतो, फॅटची नळीही चुकते. एकेक चूक चिमूटभरच, पण उत्तर ह्या तिन्हींवरून काढायचं, म्हणून तिन्ही चुका उत्तरातही उतरतात. दोन पॉइंट इकडंतिकडं होतातच. खरा घट्टपणा आठ पॉइंट दोन असेल, नाहीतर आठ पॉइंट सहाही असेल.

"म्हंजे पाणी घातलंय का न्हाय?"

"घातलंय असं ह्या मापानं म्हणता येत नाही, मावशी. नाही घातलं, असंही म्हणता येत नाही."

कौसल्या मनातून चिडलीच. अगं बाई, नाही म्हणून टाकलं असतंस, तर तुझं काय गेलं असतं! छबूबाई मात्र टेबलावरच्या काचेच्या सामानाकडं बघत राहिल्या. मग सुनेकडं वळल्या. त्या पोरीनं खोटा धीर दिला नाही, याचे उपकार कौसल्या जन्मभर विसरली नाही. कारण सासू जे बोलली, ते दुसऱ्या कशानंही तिच्या तोंडून निघालं नसतं.

"एवढ्या नळ्या घिऊन हिला सांगता येईना, मंग मला वसरीवर बसून कसं गं कळलं?"