मेलातीचं जेवण

घरमालक पाक दार्सोने माझ्या अजगराला, मेलातीला, तिच्याच खाण्याच्या गोठवलेल्या उंदरांबरोबर फ्रीझरमध्ये कोंडून मारलं. वर तोंड करून म्हणाला, "आता खाऊ दे तिला हवं तेवढं!"

तेव्हापासून सुराबायाच्या भर उन्हात थेरडा कुडकुडतोय.

मी मात्र दर गुरुवारी एक उंदीर कोमट पाण्यात ठेवते आणि ऊब आली की रिकाम्या पिंजऱ्यात टाकते. थंड उंदराला मेलाती तोंड लावायची नाही. सकाळी पिंजऱ्यात उंदीर नसतो.

आज गुरुवार, आणि उंदीर संपलेत.

एवढ्यात पाक दार्सो सरोंग पांघरून दारात आला. चेहरा खुललेला. "पोरी, कमाल झाली! पायांपासून वर छान ऊब चढतेय. कुणीतरी कोमट पाण्यात बुडवल्यासारखं वाटतंय."

"या ना, आत बसा," मी म्हटलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.