चोपन्न किलो

"गाडी नव्वद किलोच्या अंदाजाने लावून द्या," ती म्हणाली.

बाबांचे जुने मेकॅनिक काका आपल्या वर्कशॉपमध्ये गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण आहे नव्वद किलोचं?"

"गाडी घेणारा. शनिवारी न्यायला येतोय."

"मग शनिवारी त्यालाच इथे आण. चार चाकं चार काट्यांवर चढवू, तो आत बसेल, मग मी दांड्या जुळवीन."

"वजन सांगितलंय त्याने फोनवर. वाळूचं पोतं ठेवा ना सीटवर."

"फोनवर माणूस दहा किलो चोरतो. आणि पोतं गप्प बसतं, माणूस बसत नाही. तीस वर्षांत मी सीटवर पोतं ठेवलेलं नाही."

"बाबा म्हणायचेच, तुम्ही अडेलतट्टू आहात म्हणून."

"आणि तो काय गरीब गाय होता?"

ती हसली नाही. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. झोपेतच गेले. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मागे राहिली ही दोन दारांची, बुटकी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी. बाबांनी ती निवृत्तीच्या कितीतरी आधी, पोटाला चिमटा काढून घेतली होती.

ती एकोणीस वर्षांची असताना तिने एकदाच किल्ली मागितली होती. "ही तुझ्या हातातली गाडी नाही," बाबा म्हणाले होते. पुन्हा तिने मागितली नाही. त्यांनीही कधी देऊ केली नाही. सतरा वर्षं ती शेजारच्या सीटवर बसली, तीही क्वचित.

"बाबांनी शेवटी काय करून घेतलं होतं हिला?" तिने विचारलं. खरेदीदाराला सांगायला हवं होतं.

"स्वे बार बदलले. पुढचा आणि मागचा." काकांनी गाडीखाली बॅटरीचा झोत टाकला. "बघ. वळणावर गाडी एका अंगावर कलते, ते कलणं ही दांडी धरून ठेवते. टोकाला तीन भोकं आहेत. बाहेरच्यात जोडलं तर मऊ, आतल्यात कडक. हिचं नाक वळणाबाहेर पळायचं, म्हणून मागे कडक ठेवलंय. आणि हे जोड आहेत ना, ते चालवणारा आत बसल्याशिवाय आवळायचेच नाहीत. नाहीतर दांडी आधीच पिळून बसते. मग गाडी डावीकडे एका तऱ्हेने वळते आणि उजवीकडे दुसऱ्याच."

"एवढ्याने फरक पडतो?"

"तुझ्या बाबाला पडायचा."

काका काटे आणायला मागच्या खोलीत गेले. भिंतीवर पत्र्याची पेटी होती. त्यात प्रत्येक गाडीचं एक कार्ड असायचं. तिने बाबांच्या गाडीचं शोधून काढलं. काकांचं अक्षर मुंग्या चालल्यासारखं होतं.

तीन वर्षांपूर्वीची ओळ: नव्या स्प्रिंगा. सीटवर ८२ किलो.

पाच महिन्यांपूर्वीची ओळ: नवे स्वे बार, पुढे मधलं भोक, मागे आतलं. सीटवर ५४ किलो.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

चोपन्न तिचं वजन होतं. कॉलेजपासून तेवढंच. दर खेपेला घरात पाऊल टाकलं की बाबा तिला न्हाणीघरातल्या काट्यावर उभं करायचे. "चोपन्न! तसूभर हलली नाहीस. तिकडे काय हवा खातेस?" फक्त शेवटच्या खेपेला काटा जागेवर नव्हता. मोडला, म्हणाले. दाढी वाढवून, ऐन उन्हाळ्यात एकावर एक दोन स्वेटर घालून घरच्या गॅरेजमध्ये गाडीतच बसले होते. "साधू झालात की काय?" तिने विचारलं होतं. "म्हातारपणाची थंडी गं," ते म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी ती परत गेली होती.

काका काटे घेऊन आले. तिच्या हातातलं कार्ड पाहून ते दारातच थबकले.

"हे खरं आहे? चोपन्न?"

"ठेव ते जागेवर."

"मला बोलला का नाहीत तुम्ही? शनिवारी विकली असती मी ही!" तिने फोन काढला.

"कुणाला लावतेयस?"

"घेणाऱ्याला."

"जरा दम धर."

"सतरा वर्षं धरला, काका."

तिने तिथेच उभं राहून व्यवहार मोडला. पलीकडचा माणूस चिडला, तिने ऐकून घेतलं. मग दार उघडून ती चालकाच्या सीटवर बसली. सीट इतकी मागे होती की क्लचला पाय पोचेना. खालची पट्टी ओढून तिने ती खाडकन पुढे घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. कातडं बाबांच्या पंजांनी गुळगुळीत झालेलं होतं.

"मरेपर्यंत तोंडाने म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "पण लावून ठेवली माझ्या मापाने. काय माणूस होता!"

काका चिंधीने हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"एक सांगा. पोतं तुम्ही ठेवत नाही. मी तर इथे नव्हतेच." ती कितीतरी दिवसांनी हसत होती. "मग माझ्या जागी कुणाला बसवलंत? काकूंना तर नसेल, त्यांना काटा पुरला नसता."

"राहू दे, पोरी."

"सांगा ना."

काकांनी चिंधीची घडी घातली.

"ज्याची गाडी, तोच बसतो," ते म्हणाले. "त्या दोन स्वेटरांसकट चोपन्न भरला."