खोलीतली बाटली

दिगंबरने स्वतः केलेली शेवटची लाल वाईन त्याच्याच खोलीत होती. “फ्रिजमध्ये नको आई, खोलीच्या तापमानालाच राहू दे,” असं सांगून तो गेला, तो अपघातात संपला.

चैत्रात पत्रे तापले. सून म्हणाली, “आत्या, बाटली कोठीत ठेवू? तिथं गार असतं.”

“माझ्या लेकाचं मला शिकवू नकोस,” सोनकाबाई कडाडल्या. “तुझ्या माहेरी ताकसुद्धा धड टिकत नाही.”

वर्षश्राद्ध आटोपल्यावर त्याच्या मित्राने बाटली उघडली, घोट घेतला आणि मान खाली घातली. “काकू, ते थंड देशातल्या खोल्यांचं सांगणं. आपल्या पत्र्याखाली ही पार शिजली.”

आता सून टोमणा मारेल म्हणून सोनकाबाई थांबल्या. सुनेने नुसता पेला पुढे केला.

“नको पिऊस,” त्या म्हणाल्या. “त्याची होती. मी नासवली.”